संकल्प मोडतो कोठे?

(जागतिक तंबाखूविरोधी दिनानिमित्त योजलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणावेत. वय पंचावन्नच्या घरातले. पहाटे पाचला उठणारे, थंडी असो वा पाऊस, प्रभात शाखा न चुकविणारे. बँकेत तीस वर्षे नोकरी झाली, पण उशिरा पोहोचल्याची नोंद नाही. एकादशी, चातुर्मास, घरचे कुलाचार, सारे काटेकोर. अशा या गृहस्थांची प्रार्थना होते, शाखेचे विकिर होते आणि मैदानाच्या फाटकाबाहेर त्यांची पावले डावीकडे वळतात. तेथे चहाची टपरी आहे. टपरीवाल्याला काही सांगावे लागत नाही. तो चहाच्या पेल्याबरोबर एक सिगारेट आणि काड्यापेटी पुढे सरकवतो. मग हे गृहस्थ टपरीच्या मागच्या बाजूला, रस्त्यावरून दिसणार नाही अशा जागी उभे राहतात.

गुढीपाडव्याला, विजयादशमीला, मुलीच्या लग्नाच्या दिवशी, हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यानंतर रुग्णालयातून घरी येताना, असे त्यांनी सहा-सात वेळा धूम्रपान सोडलेले आहे. कधी चार दिवस, कधी चार महिने. कळल्यावर लोक म्हणतात, ‘मनाचा निग्रह नाही, दुसरे काय?’

हे उत्तर सोपे आहे, आणि म्हणूनच ते तपासून पाहावयास हवे. ज्याचा निग्रह दिवसाच्या बाकी सर्व व्यवहारांत शाबूत आहे, त्याचा निग्रह नेमका त्या टपरीपाशीच कसा गळून पडतो? मनोबल अजिबात नसते, तर ते पहाटेच्या अंथरुणापाशीच गळाले असते. तेव्हा उणीव बळाची नसावी. ते बळ ज्याच्याविरुद्ध खर्च होते, तो शत्रू वेगळा आणि खरा शत्रू वेगळा, असे तर होत नसेल?

मनाचे ज्ञान असले म्हणजे मन ताब्यात येते, हा समजही येथे बाजूला ठेवावा लागतो. आधुनिक मनोविश्लेषणाचा प्रवर्तक सिग्मंड फ्रॉइड दिवसाला वीसच्या आसपास चिरूट ओढत असे. १८९४ साली हृदयाच्या तक्रारीमुळे त्याच्या वैद्यकमित्राने, फ्लीसने, त्याला चिरूट सोडावयास सांगितले. सोडले, पुन्हा धरले. १९२३ साली जबड्याचा कर्करोग निघाला. त्यानंतरच्या सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, टाळूच्या जागी कृत्रिम टाळू बसवावी लागली. तरीही चिरूट सुटला नाही. १९३९ साली लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला. जगाच्या मनाचे गूढ उकलू पाहणाऱ्याची ही कथा. बँकेतल्या गृहस्थांना नावे ठेवण्यापूर्वी ती आठवावी, एवढेच.

शरीराचा भाग आधी थोडक्यात. धुरातील निकोटिन फुप्फुसांतून रक्तात आणि तेथून सुमारे दहा सेकंदांत मेंदूत पोहोचते. रक्तातील त्याचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. ओढणे थांबविले की चिडचिड, बेचैनी, झोपमोड, भूक वाढणे हे सारे पहिल्या दोन-तीन दिवसांत शिगेला जाते आणि तीन-चार आठवड्यांत बहुतांशी निवळते. म्हणजे शरीराचे देणे महिन्याभरात फिटते. असे असता चार महिन्यांनी, वर्षाने माणूस पुन्हा ओढू लागतो, ते कशामुळे? तेव्हा रक्तात निकोटिनचा अंशही नसतो. जे उरलेले असते ते मनात, आणि मनातही विचारांच्या वरच्या थरात नव्हे. आपल्या योगशास्त्राने त्यासाठी ‘संस्कार’ हा फार नेमका शब्द योजला आहे. एरवी हा शब्द आपण केवळ चांगल्या अर्थानेच वापरतो. पतंजलींच्या शास्त्रात मात्र संस्कार म्हणजे कृतीने चित्तावर उमटणारा ठसा, मग ती कृती भली असो वा बुरी. ठशातून वृत्ती उठते, वृत्तीतून पुन्हा कृती होते आणि ठसा आणखी खोल जातो.

हा ठसा किती खोल असतो, त्याचा हिशेब करावा. एका सिगारेटचे दहा झुरके धरले आणि दिवसाला दहा सिगारेटी, तर वर्षाचे साडेछत्तीस हजार झुरके होतात. तीस वर्षांचे सुमारे ११ लक्ष. हात ओठांपर्यंत नेण्याची हीच क्रिया ११ लक्ष वेळा! एवढा जप एखाद्या साधकाने केला असता, तर झोपेतही त्याचे ओठ हलले असते.

शिवाय हा जप वाटेल तेव्हा झालेला नाही. प्रत्येक आवर्तन कोणत्या ना कोणत्या प्रसंगाला बांधलेले आहे. सकाळच्या चहाबरोबर एक. शौचाला जाण्यापूर्वी एक. ‘बिडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही’ अशी पुष्कळांची पक्की समजूत असते आणि समजुतीपायी खरोखरच तसे घडू लागते. जेवणानंतर एक, साहेबांशी खटका उडाला की एक, आणि साहेबांनी कौतुक केले तरी एक. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह याने दाखवून दिले की, खाण्यापूर्वी ठरावीक खूण नित्य मिळत गेली, तर पुढे नुसत्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. आपल्या गृहस्थांच्या बाबतीत ती खूण म्हणजे चहाचा वास, टपरीचे पत्र्याचे छप्पर आणि काडी ओढल्याचा आवाज. त्यांनी संकल्प सोडला तो देवघरात, सकाळी सात वाजता, प्रसन्न चित्ताने. मोडला तो टपरीमागे. देवघरातल्या संकल्पाला टपरीची वाट माहीतच नव्हती.

स्थानाचा हा महिमा केवढा असतो, याचे एक उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात आहे. व्हिएतनाम युद्धात तेथील सैनिकांपैकी पाचांत एक जण हेरॉइनच्या आहारी गेल्याचे १९७१ साली आढळले आणि तिकडे मोठी घबराट उडाली. ली रॉबिन्स या विदुषीने मायदेशी परतलेल्या या सैनिकांचा मागोवा घेतला. तेथे व्यसनाधीन झालेल्यांपैकी जेमतेम ५ टक्के परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झाले. ते अरण्य, ती छावणी, ते सोबती, ती भीती, सारेच मागे राहिले होते. हेरॉइन आणि सिगारेट यांची बरोबरी करावयाची नाही. पण आपले गृहस्थ संकल्प करतात आणि पुन्हा त्याच छावणीत राहतात, हे लक्षात घ्यावयास हवे. गाव बदलता येत नाही. खुर्ची बदलता येते, चहाची वेळ बदलता येते, काही दिवस चहाऐवजी ताक घेता येते, फाटकातून डावीकडे न वळता उजवीकडे वळता येते. या गोष्टी इतक्या क्षुल्लक दिसतात की भीष्मप्रतिज्ञा करणाऱ्याला त्या करण्याची लाज वाटते. प्रतिज्ञा मोडते ती बहुधा या लाजेपायी.

लाजेचा विषय निघालाच आहे, तर त्याची आपल्याकडची विशेष तऱ्हाही पाहावी. वडीलधाऱ्यांसमोर ओढावयाचे नाही, ही मराठी घरातली रीत आहे. मुलगा चाळिशीचा झाला तरी वडिलांची चाहूल लागताच हातातली बिडी विझवितो. रीत म्हणून ती चांगलीच; पण मनाच्या अंगाने तिचा परिणाम विचित्र होतो. पहिली सिगारेट बहुधा पंधरा-सोळाव्या वर्षी, शाळेच्या भिंतीमागे, दोघा-तिघा सवंगड्यांबरोबर चोरून ओढली जाते. त्या धुराने ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येते. चव अशी मुळी लागतच नाही. लागते ती आणखी एका गोष्टीची गोडी. ज्या घरात प्रत्येक गोष्ट कोणाला तरी विचारून करावयाची असते, तेथे ही एक गोष्ट कोणालाही न विचारता केलेली असते.

पुढे वडील जातात. मुलगा स्वतः घरातला कर्ता होतो. पण चोरून ओढण्याची जागा तशीच राहते. आता तो मुलीपासून लपवितो, सुनेपासून लपवितो. खिशात बडीशेप, वेलदोडा. घरात शिरताना थेट न्हाणीघरात जाऊन हात धुणे. घरच्या सर्वांना हे ठाऊक असते आणि आपल्याला ठाऊक आहे हे त्यांनी त्याला ठाऊक होऊ द्यावयाचे नसते. या साऱ्या लपंडावात ती पाच मिनिटे त्याच्या दिवसातली एकमेव एकांताची मिनिटे होऊन बसतात. तेथे कोणी मागणे घेऊन येत नाही, कोणी हिशेब विचारीत नाही. डॉक्टर सांगतात, ‘सिगारेट सोडा.’ त्याला ऐकू येते, ‘तुमची ती पाच मिनिटेही द्या.’ ती त्याला दुसऱ्या वाटेने परत मिळाल्याखेरीज केवळ कर्करोगाचे चित्र दाखवून तो ती देईल, अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा छापणे २०१६ पासून बंधनकारक आहे. आपले गृहस्थ ते चित्र रोज पाहतात. अंगठ्याखाली झाकून पाकीट उघडण्याची सवयही त्यांना लागलेली आहे.

आणि मन वकिली करण्यात तर तरबेजच. सुशिक्षित माणसाचे मन अधिकच. आपल्या परंपरेचा अभिमान बाळगणारे काही जण सांगतात, ‘अहो, चरकसंहितेतही धूमपान आहे!’ आहे, हे खरे. पण ते औषधी वनस्पतींच्या वर्तीचे, नेमून दिलेल्या वेळी करावयाचे उपचार आहेत, आणि अकाली व अतिरिक्त धूमपानाने कोणते विकार होतात याची यादीही चरकाने तेथेच दिली आहे. तंबाखूचा तर त्यात संबंधच नाही. ते रोप अमेरिकेतले. पोर्तुगीजांबरोबर या देशात आले. अकबराच्या दरबारात तंबाखू नेला तो असद बेगने, आणि तोही आपल्या दख्खनेतल्या विजापुराहून. पुढे १६१७ साली जहांगीरने त्यावर बंदी घातली. ती किती टिकली, ते प्रत्येक गावाचा नाका सांगेल.

दुसरा युक्तिवाद ताणाचा. ‘ओढली की डोके शांत होते.’ अनुभव खोटा नाही. त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावला जातो. निकोटिन उतरू लागले की बेचैनी वाढते. ती बेचैनी मागच्या सिगारेटने निर्माण केलेली असते. पुढची सिगारेट तेवढी भरून काढते आणि मन म्हणते, पाहा, हिच्यामुळे शांत वाटले. सावकाराने आपलाच खिसा कापावा, त्यातलेच पैसे आपल्याला उसने द्यावेत आणि वर आपण त्याचे उपकार मानावेत, तसा हा व्यवहार आहे. धूम्रपान सोडलेल्या व चालू ठेवलेल्या लोकांच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. सोडलेल्यांमधील चिंता, उदासी आणि ताण वाढण्याऐवजी कमी झाल्याचे त्यात दिसले. पण हे कळावयास काही आठवडे थांबावे लागते, आणि सावकार दर दोन तासांनी दारात उभा असतो.

तिसरा युक्तिवाद वयाचा. ‘आमचे आजोबा चिलीम ओढत नव्वदी पार करून गेले’ आणि ‘आता व्हायचे ते होऊन गेले’, अशी परस्परविरोधी दोन वाक्ये एकच माणूस एकाच बैठकीत बोलतो. ब्रिटनमध्ये १९५१ साली डॉक्टरांच्याच प्रकृतीची पाहणी सुरू झाली आणि रिचर्ड डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नास वर्षांचे निष्कर्ष २००४ साली मांडले. पन्नाशीत सोडणाऱ्यांच्या पदरी सरासरी सहा वर्षांचे आयुष्य पडले, साठीत सोडणाऱ्यांच्याही पदरी तीन. तीन वर्षे म्हणजे एखाद्या नातवाला बोलता-चालताना पाहण्याइतका काळ.

‘हळूहळू कमी करतो’ हा मार्ग दिसतो शहाणपणाचा. पण दहावरून तीनवर आलेला माणूस उरलेल्या तिन्हींची दिवसभर वाट पाहतो, आणि त्या पूर्वीपेक्षा अधिक गोड लागतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश प्रयोगात ठरल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक चार आठवड्यांनंतर टिकून होते, तर कमी करीत नेऊन सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के. दोन्ही गटांना औषधांचे आणि समुपदेशनाचे साह्य होते, हेही लक्षात ठेवावे. निकोटिनची च्युइंगम वा पट्टी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेणे म्हणजे हार, असे मानणारे पुष्कळ असतात. मधुमेहाची गोळी घेताना मात्र त्यांना तसे वाटत नाही.

आता संकल्प मोडण्याचा क्षण. एकादशीचा उपवास असताना चुकून कोणी पोह्यांचा घास घेतला, तर घरातले दोन प्रकारचे लोक लगेच ओळखू येतात. एक तोंड धुऊन पुन्हा उपवास चालू ठेवतो. दुसरा म्हणतो, ‘मोडलाच आहे, तर आता जेवूनच घेतो.’ चार महिने टिकलेले आपले गृहस्थ मित्राच्या मुलाच्या लग्नात एक सिगारेट ओढतात आणि या दुसऱ्या वाटेने जातात. एका सिगारेटने शरीराचे फारसे काही बदललेले नसते. बदलते ते त्यांचे स्वतःविषयीचे मत. ‘आपण अखेर असेच’, हा निकाल ते त्या मांडवातच देऊन टाकतात आणि रात्री पाकीट विकत घेतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लेट यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या मनोव्यापाराची नेमकी चिकित्सा केली. घसरणे वेगळे आणि कोसळणे वेगळे, आणि घसरणीचे कोसळणे होते ते अपराधभावामुळे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

याच मार्लेट यांना पुढे आपल्या इकडची वाट दिसली, ही गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. इच्छेशी झुंजण्यापेक्षा तिला लाटेसारखी उठताना, फुगताना आणि ओसरताना तटस्थपणे पाहावे, हा त्यांचा उपाय. सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशातून परत आणलेल्या आणि १९७६ पासून इगतपुरीत शिकविल्या जाणाऱ्या विपश्यनेचा मार्लेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिएटलच्या कारागृहातील बंद्यांवर अभ्यास केला. शिबिर केलेल्यांचे मद्य व अमली पदार्थांचे सेवन सुटकेनंतर इतरांपेक्षा कमी आढळले. ते निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. सिगारेटची तीव्र हुक्कीदेखील बहुधा पाच-दहा मिनिटांत ओसरते, ओढली तरी आणि न ओढली तरी. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने मनाच्या चंचलपणाची तक्रार केली, तेव्हा श्रीकृष्णाने ‘तुझ्यात बळ नाही’ असे म्हटले नाही. मन आवरावयास कठीण आहे, हे आधी मान्य केले आणि मग अभ्यास व वैराग्य हे उपाय सांगितले. अभ्यास म्हणजे पुनःपुन्हा करणे, आणि जे पुनःपुन्हा करावयाचे ते मध्यंतरी चुकणार, हे त्या शब्दातच गृहीत आहे.

आपल्या वारकरी परंपरेनेही एक मर्म ओळखले होते. माळ घालणारा माणूस ‘सोडण्याचा प्रयत्न करतो आहे’ असे म्हणत नाही. तो ‘माळकरी’ होतो. पुढे कोणी काही देऊ केले की ‘माळ आहे’ एवढे दोन शब्द पुरतात. समोरचाही आग्रह थांबवितो. नकार देण्याचे ओझे एकट्याच्या मनावर राहात नाही, माळ ते वाहते आणि गावही वाहते. वारीच्या वाटेवर तंबाखूची पुडी दिसतच नाही, असे कोणी म्हणणार नाही. पण ज्याने ‘माळ आहे’ हे उत्तर आपले केले, त्याला रोज नव्याने निश्चय करावा लागत नाही.

आपल्या गृहस्थांच्या भोवती असे काय आहे? शाखेत शंभर जण ओळखीचे; पैकी निदान दहा जणांना टपरीमागची गोष्ट ठाऊक. ते एकमेकांत हसतात, किंवा अधिक वाईट म्हणजे एखाद्या बौद्धिकात नाव न घेता टोमणा मारतात. व्यक्तिनिर्माणाची भाषा बोलणाऱ्यांना हे शोभत नाही, आणि त्याचा उपयोगही होत नाही. टोमण्याने जो ताण येतो त्यावरचा उतारा त्यांना टपरीमागेच ठाऊक आहे. त्याऐवजी एखाद्या सहकाऱ्याने महिनाभर, विकिर झाल्यावर, बोलत बोलत त्यांना उजव्या फाटकातून घरापर्यंत सोडले तर? विषय सिगारेटचा नको. क्रिकेटचा असला तरी चालेल. घरातल्यांनीही खिसे तपासणे थांबवावे आणि संध्याकाळची पाच मिनिटे त्यांना गच्चीत एकटे बसू द्यावे. लग्नाच्या मांडवात एखादी ओढली गेलीच, तर दुसऱ्या दिवशी घरी येऊन ते पत्नीला सांगू शकतील, इतकी मोकळीक असावी.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी सोडण्याचा विचार असल्याचे सांगितले होते. म्हणजे टपरीमागे उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाला तेथे उभे राहावयाचे नसते. २०१६ साली केंद्र सरकारने अशांसाठी विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा १८००-११-२३५६ हा क्रमांक सप्टेंबर २०१८ पासून पाकिटांवर छापला जाऊ लागला. गृहस्थांच्या अंगठ्याखाली चित्राबरोबर तोही झाकला जातो. पुढच्या वेळी पाकीट फेकण्यापूर्वी तेवढा वहीत उतरवून घ्यावा.